पॉज

"सर, रिपोर्ट उत्तम आहेत," डॉक्टर म्हणाला.

"साफ खोटं!" नाटकं शिकवण्यात आणि बसवण्यात हयात घालवलेले सर खाटेवरून कडाडले. "माझ्या एकांकिकेतही तू असाच जमिनीकडे बघून बोलायचास."

"बायपास करावी लागेल, सर."

"तुझ्या काकूला आज सांगू नकोस, तिला झोप लागायची नाही. चल, तालीम करू. नजर तिच्याकडे. 'उत्तम'च्या आधी छोटा पॉज. आणि हसतोस काय, गाढवा!"

शेवटी वाक्य असं जमलं, की सरांनाच क्षणभर बरं वाटलं.

तेवढ्यात काकू चहाचा थर्मास घेऊन आल्या. डॉक्टरने त्यांच्या नजरेला नजर दिली. "काकू, रिपोर्ट... उत्तम आहेत."

काकूंनी थर्मास ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"तो बोलत होता तेव्हा तुमचे ओठ का हलत होते? कधी बसवलंत हे?"