जजसाहेबांची पणती

वॉशिंग्टन राज्यातल्या एका लहानशा गावाच्या म्युझियममध्ये आश्लेषा जज विटकॉम्ब यांचे जुने कागद स्कॅन करत होती. सव्वाशे वर्षांपूर्वी, गाव नुकतं वसत असताना, तिथे त्यांचाच शब्द म्हणजे कायदा होता. पुढे ते निवडून येऊन राज्याचे सिनेटर झाले. आता नव्या शाळेला त्यांचं नाव द्यायचं घाटत होतं.

जजसाहेबांची पणती, ऐंशीच्या मिसेस डोरोथी, रोज येऊन समोर बसायच्या. "कुठवर आलीस?" एवढंच विचारायच्या आणि आश्लेषाच्या हातांकडे बघत राहायच्या. म्हातारी पहाराच देतेय, याबद्दल आश्लेषाला शंका उरली नव्हती. त्यात बाई म्युझियमच्या ट्रस्टी, आणि आश्लेषाचा व्हिसा याच नोकरीवर टिकून होता.

चौथ्या दिवशी शेरीफने जजना लिहिलेली एक चिठ्ठी हाती लागली. ज्या चिनी मजुराला फाशी सुनावली होती तो निर्दोष होता. खऱ्या खुन्याने कबुली दिली होती. खाली जजच्या अक्षरात एकच ओळ होती, "निवडणूक होईपर्यंत वाच्यता नको." मजुराला दुसऱ्याच दिवशी फाशी दिली गेली होती.

आश्लेषाने ती चिठ्ठी स्कॅन न करताच हळूच गठ्ठ्याच्या तळाशी सरकवली.

"काढ ती बाहेर," मिसेस डोरोथी म्हणाल्या.

"कोणती?" आश्लेषा चाचरली.

"चाळीस वर्षांपूर्वी मीही ती अशीच सरकवली होती."