भोपळ्याची फडकी

हॅलोविनला भुताखेतांचे वेष करून मुलं दारोदार खाऊ मागत यायची; पण घरी केलेला खाऊ आया भीतीने त्यांच्या पिशवीतून काढून फेकून देतात, हे कळल्यावर व्हर्नाने पॉपकॉर्नचे लाडू वळणं सोडलं. यंदा तिने गेलेल्या नवऱ्याचे शर्ट कापून, गरम भांडी धरायला भोपळ्याच्या आकाराची फडकी शिवली. वर्षातून या एकाच संध्याकाळी तिच्या दाराशी कोणी यायचं.

पण अंधार पडला तरी कोणी फिरकलं नाही. शेजारची डार्लीन तेवढी आपल्या गाडीच्या डिकीत खोटी कोळिष्टकं टांगत होती.

“काय गं, गावातली भुतं संपावर गेली की काय?”

“चर्चच्या आवारात जमलीत सगळी, मावशी. हल्ली पोरांना दारोदार कोण पाठवतं? आम्ही तिथे ओळीने गाड्या लावतो, पोरं डिकीतूनच खाऊ घेतात.”

“मग मीही येते.”

“थंडीत कशाला कुडकुडता? टोपली द्या, मी वाटते. अय्या, किती गोड! आया भांडतील यांवरून.”

सकाळी व्हर्नाने दोघींपुरती कॉफी केली आणि बरीच वाट पाहून दार उघडलं.

रिकामी टोपली पायरीवर होती. मावशींची झोप मोडू नये म्हणून डार्लीन दार न वाजवताच गेली होती.