उडालेला रंग

"पन्नाशी उलटली तरी मीठ चोरतो मेला!" रिकामा डबा हातात घेऊन मोठीआई मागच्या अंगणात आली.

तिचा मुलगा उकिडवा बसला होता. समोर त्याचा लाडका, बागेत गवत कापायचा जुना ट्रॅक्टर. एका माणसापुरता, खेळण्यापेक्षा थोडा मोठा. त्याच्या नव्या कोऱ्या बॉनेटला तो मीठ आणि व्हिनेगर चोळत होता. गंज चढावा म्हणून.

"लोक गंज काढतात, आमच्याकडे चढवतात," मोठीआई सुनेला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली. "जेवायला हाक मारली तर कान बंद. इंजिन नुसतं खोकलं की धावत येतो."

"मलाही खोकून बघायला हवं," सून आतून म्हणाली.

ट्रॅक्टर भंगारातून आणला तेव्हा इंजिन पार जाम झालं होतं. मुलानं तेल मुरवून, हळूहळू हलवून ते मोकळं केलं. ते काम खरं होतं. मोठीआई गल्लीभर त्याचं कौतुक सांगायची, घरात मात्र चकार शब्द नाही. पण बॉनेट कडांनी सडलं होतं, ते काही वाचलं नाही. आणि जुन्या यंत्रांच्या प्रदर्शनात खरा मान मूळ रंगाच्या, मूळ अंगाच्या यंत्राला. डागडुजी केलेली वेगळ्या रांगेत उभी राहतात. मुलाला त्या रांगेत जायचं नव्हतं. त्यानं पत्र्याचं नवं बॉनेट करून घेतलं, हुबेहूब जुना रंग दिला, आणि आता तो ते म्हातारं करत होता.

"जुन्याचा इथं, डावीकडे, बशीएवढा रंग उडालाय बघ," तो म्हणाला. "ऊन लागून असेल. तसाच उडवायचाय, पण मी घासलं की ओरखडे दिसतात."

"सरक. भांडी घासण्यात जन्म गेला माझा."

मोठीआईनं राख घेतली, मऊ फडकं घेतलं आणि गोल गोल हात फिरवत बसली. रंग कडेला विरत गेला, मधे पत्रा लकाकला. वर्षानुवर्षांची झीज तिनं एका दुपारी करून दिली. जुनं बॉनेट भंगारवाला घेऊन गेला. ते केव्हाच वितळलं.

प्रदर्शनाच्या मैदानावर चष्मेवाला परीक्षक ट्रॅक्टरभोवती फिरला, वाकला, बॉनेटवर नखानं टकटक केलं.

"हे मूळचंच?"

"हो," मुलगा म्हणाला. पापणीही लवली नाही.

परीक्षकाचं समाधान झालेलं दिसेना. तेवढ्यात एक बारीक चणीची बाई गर्दीतून वाट काढत आली. ट्रॅक्टर पूर्वी एका माळ्याचा होता. ही त्याची बायको. तो जाऊन बराच काळ लोटला होता. मुलानंच शोध काढून तिला निरोप धाडला होता. जुन्या मालकाच्या घरचं कुणी आलं की वजन पडतं. मोठीआईलाही ती हुशारी वाटली होती.

बाईनं कुणाला काही विचारलं नाही. सरळ डाव्या बाजूला गेली आणि त्या उडालेल्या रंगावर तळहात ठेवला. ती जागा नेमकी तळहाताएवढीच होती.

"इथं डावा हात टेकायचे ते," ती म्हणाली. "आणि उजव्यानं दोरी ओढायचे, सुरू करायला. रोज. रंग जाईल म्हणून मी ओरडायची त्यांच्यावर." ती हसली. मग वाकून तिनं तिथं गाल टेकला. "बाळा, बाकी सगळं बदललं असतंस तरी चाललं असतं. एवढी जागा ठेवलीस, पुष्कळ झालं."

परीक्षकानं चष्मा काढून पुसला. पुढं काही न विचारता त्यानं मानाची फीत स्टिअरिंगला बांधली आणि तो पुढच्या यंत्राकडे गेला.

मोठीआईनं आपले हात पाठीमागे नेले, चोरी करताना सापडलेल्या पोरीसारखे. आयुष्यात कुणासमोर तिनं मान खाली घातली नव्हती. आता ती ट्रॅक्टरची चाकं बघत उभी राहिली.

"ताई, भाग्यवान आहात, असा मुलगा पोटी आला," ती बाई म्हणाली. "मी अधूनमधून येऊन हात लावून गेले तर चालेल का हो?"



"या ना मावशी, केव्हाही या," मुलगा म्हणाला. इतकं सहज म्हणाला की मोठीआईचे कान तापले.

बाई डोळे टिपत फाटकाकडे निघाली. ती जरा लांब गेली तसा मुलाचा चेहरा उतरला.

"आई, मला नाही सोसवत. तिला गाठतो आणि खरं काय ते सांगून टाकतो."

तो निघालाच होता. मोठीआईनं त्याची बाही धरली.

"म्हणजे तू मोकळा. आणि ती? ती काय घेऊन घरी जाईल?"

"मग करू काय?"

"फीत सोड. त्या चष्मेवाल्याला एकटं गाठ, बॉनेट आपण केलंय म्हणून सांग, आणि त्याच्या पदरात टाकून ये. तिला मात्र एक अक्षर बोलायचं नाही. ती येईल तेव्हा दार उघडायचं. ती माझ्या हातच्या कामावर नवऱ्याचा हात शोधेल, आणि तिचं होईस्तोवर आपण दोघांनी समोर उभं राहायचं. बसायचंसुद्धा नाही."