हातचे पाणी
दौलतराव पाटलांनी भंगारात टाकलेली माशांची काचपेटी देवमन मास्तरांनी स्वस्तात आणली. शाळेतल्या खडूंचे तुकडे कुटून, जवसाच्या तेलात मळून त्यांनी सांधे बुजविले. फुटक्या बाजूस तसबिरीची काच बसविली. महिन्याने तीत चार मासे सुखाने विहरू लागले, आणि पाटील दारी आले. “मास्तर, पेटी वापस दे. पेटी फुटून मासे मेले तवापासून माय जेवून नाई राह्यली.” ‘विहीर बाटते’ म्हणून याच माउलीने मास्तरांच्या वडिलांना तहानलेले हाकलले होते. “न्या, पाटील. पन मासे याच पान्यात न्या लागतीन. बदललं तं मरतीन. पानी माह्या हातचं हाय.” “गडी धाडतो.” “गडी कायले? माय तुमची हाय. तुमीच न्या.” पाटलांनी खांद्यावरच्या उपरण्याची चुंबळ केली. मग भर दुपारी, साऱ्या रिठद गावाच्या देखत, मास्तरांनी माशांसकट भरलेली घागर डोक्यावर घेऊन ते घराकडे चालू लागले.