उतारावरची टेप

मिस्त्रींनी छपराला चौकोनी भोक पाडलं आणि माळ्यावर ऊन उतरलं. रफूकाम करणाऱ्या सुनेचे पाय जमिनीवर ठरेनात. तिनं धाग्याची दोन रिळं उचलून सासऱ्यांसमोर उन्हात धरली.

"बाबा, बघा! हे काळं, हे निळं. दिव्याखाली दोन्ही सारखीच दिसायची!"

दर वेळी गिऱ्हाइकाचा कोट खांद्यावर टाकायचा आणि धाग्याचा रंग जुळवायला खाली रस्त्यावर पळायचं, हे आजपासून संपणार होतं. भोकावर बसवायचा प्लास्टिकचा पारदर्शक पत्रा मिस्त्रींनी भिंतीला टेकवून तयार ठेवला होता. उरली होती फक्त अग्निशमन दलाच्या तपासनिसाची सही.

तपासनीस आला, तोही अवघडूनच. सासरे दलातून निवृत्त होईपर्यंत तो त्यांच्याच हाताखाली शिकला होता. "सर, तुमच्या घराची तपासणी मी काय करणार?" असं म्हणत त्यानं पेन उघडलं. "तरी विचारायचं म्हणून विचारतो. असल्या पत्र्याला शेजाऱ्याच्या हद्दीपासून तीन मीटर अंतर लागतं."

"तीन मीटर आणि वर दोन बोटं!" मिस्त्रींनी छाती फुगवून सांगितलं.

"मोजलं कुठून?" सासऱ्यांनी विचारलं.

"कुठून म्हणजे? छपरावरून की."

"उतारावरून? उतारावरून मांजर चालतं. आग सरळ उडी मारते. टेप आडवी धरा."

टेप आडवी धरली आणि अंतर बरोबर एक वीत कमी भरलं. मिस्त्रींची छाती जागेवर आली. भोक बाजूला सरकवावं तर मध्ये तुळई होती, म्हणजे ते बुजवण्यावाचून इलाज नव्हता.

"एक वीत तर आहे, सर," तपासनीस हळूच म्हणाला. "कोण बघतंय?"

"मी बघतोय."

सुनेच्या तोंडचा घासच गेला. तिला इतका राग आला, की सासरे आहेत हेही ती विसरली. "बाबा, जगातले सगळे नियम आपल्याच छपरावर कशाला? तो सही करतोय ना! तुम्हाला काय पडलीय माझ्या डोळ्यांची?"

सासऱ्यांनी भोकातून डोकं बाहेर काढून शेजारच्या लाकडी सज्ज्याकडे पाहिलं आणि ते जिना उतरून गेले. तपासनिसानं पेनाला टोपण लावलं. सुनेनं रिळं डब्यात टाकली आणि झाकण आपटलं.

तेवढ्यात खालून काहीतरी सरकवल्याचा आवाज आला, आणि मागोमाग हाक. "अहो मिस्त्री, एक टोक धरा!"

सासरे जिना चढत होते ते आपल्या टेबलावरची जाड काच घेऊन. चार पायऱ्यांत त्यांना धाप लागली होती.

"सहा मिलिमीटर आहे. मोज आणि लिही. काचेला अंतराची अट नाही."

तपासनिसाचा चेहरा फुलला. "हद्दीला खेटून बसवली तरी चालेल, सर! खालून तेवढी तारेची जाळी लावा."

सून हसतच सुटली. धावत जाऊन तिनं काचेचं दुसरं टोक धरलं. "आधी सांगायचं ना, बाबा! मी काय काय बोलून बसले!"

"निघेल की नाही ते माहीत नव्हतं. वीस वर्षं हलवली नव्हती."

काच पुसताना तिला दिसलं, एका कोपऱ्याला फोटो चिकटून आला होता. काचेखाली दलातल्या सोबत्यांचे फोटो असायचे. बाकीचे टेबलावरच राहिले होते. तिनं ओल्या फडक्यानं चोळलं, तसा कागद निघाला. उरला फक्त एक चेहरा, डोक्यावर शिरस्त्राण घातलेला, पोरसवदा. ती तो नखानं खरवडू लागली.

"हा कोण, बाबा?"

"माझ्या तुकडीतला. असल्याच पत्र्याखाली उभा होता. पत्रा वितळून अंगावर पडला." सासऱ्यांनी ओलं फडकं उचलून बाजूला ठेवलं. "तेव्हा हा नियम नव्हता. निघत नसेल तर राहू दे."

तिचं नख थांबलं.

दुपारी काच बसली. भरपूर ऊन आलं, माळ्याचा कोपरान् कोपरा उजळला. सुनेनं निळा कोट मांडीवर घेतला, न अडखळता निळा धागा उचलला. अस्तनीवर, फाटक्या जागेशेजारी, वरच्या काचेच्या त्या कोपऱ्याची नाण्याएवढी सावली पडली होती.

ती उठली, खुर्ची जराशी बाजूला सरकवली, आणि पुन्हा कामाला बसली.