पाहुणा कोणाचा?

“एकेक कॅन उघडायचा आणि बेसिनमध्ये ओतायचा,” टेसा दारातूनच म्हणाली. “मी हात लावणार नाही. नियम आहे.”

कोल्बीने पहिला कॅन उघडला. बिअरचा फेस बोटांवर आला, पण त्याने बोट चाटलंसुद्धा नाही. सरकारी कॉलेजच्या वसतिगृहात एकवीस वर्षांखालच्या पोराला थेंबही चालत नाही. त्याला एकोणिसावं चालू होतं आणि नावावर नियम मोडल्याच्या आधीच दोन नोंदी होत्या. तिसरी झाली की सामान उचलायचं.

मैदानाकडून बँड ऐकू येत होता. सामन्याला अजून दोन तास होते.

“अगं, मी घोटही घेतलेला नाही! हे काका पेटी घेऊन आले. भेटायचं ते माणूस खोलीवर नव्हतं म्हणे, म्हणून इथं टेकले. मी ह्यांना ओळखतही नाही.”

खाटेवर बसलेला म्हातारा हातातली टोपी फिरवत होता. बोटांच्या रेघांत ट्रॅक्टरचं तेल मुरलं होतं.

“सामन्याचा दिवस आहे बाई,” तो म्हणाला. “चार तास गाडी हाकत आलोय. सोडून दे. कुणाला कळणार आहे?”

“मला.”

म्हातारा खाकरला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

“तुझं बरंय,” कोल्बी चिडून म्हणाला. टेसाही विद्यार्थिनीच, पण मजल्याची देखरेख तिच्याकडे होती. “राहणं-खाणं फुकट, वर आमच्यावर पोलिसगिरी!”

“ह्या कामावरच शिकतेय मी. आणि ते जायला तीन नोंदी लागत नाहीत. एक पुरते.”

म्हाताऱ्याच्या हातातली टोपी थांबली.

टेसाने छापील कागद काढला. “पाहुण्याने दारू आणली तर नोंद यजमानावर होते. कुणाकडे आलात?”

त्याने तिच्याकडे बघितलं. “कुणाकडेच नाही.”

“काका!” कोल्बी ओरडला. “आत्ता तर म्हणालात, भेटायला आलोय म्हणून!”

“चुकून म्हणालो असेन.”

“यजमान नसेल तर नोंद खोलीवाल्यावर जाते,” टेसा सावकाश म्हणाली.

“मग जाऊ दे,” म्हातारा पुटपुटला. पण त्याला कोल्बीकडे बघवलं नाही.

शेवटचा कॅन रिकामा झाला. कोल्बी बेसिनला धरून उभा राहिला. घरी आईला काय सांगायचं, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत होतं.

टेसा भिंतीला कागद टेकवून लिहीत होती. तिचा हात दोनदा अडखळला. मग तिने कागद सहीसाठी म्हाताऱ्यापुढे धरला.

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. तो उठून ताठ उभा राहिला आणि वर्गात पहिल्या आलेल्या लेकराच्या प्रगतिपुस्तकावर करावी तशी ठसठशीत सही केली.

“हे घे,” त्याने कागद कोल्बीपुढे केला. “वाच. मोठ्याने वाच.”

कोल्बीने धीर करून वाचलं, “यजमान: टेसा क्लाइन. पाहुण्याशी नातं: मुलगी.”