दोघांची होडी

“दोगांची हाय ते दिसतंय. पन एकट्याला चालवता येल का?” जयानं पुन्हा विचारलं, तेव्हा कुठे तुळशीदासनं तिच्याकडे नीट बघितलं.

वेसाव्याच्या रेतीवर त्याच्या दोन शिडाच्या होड्या विकायला काढलेल्या होत्या. ऐंशी साल उलटलं तसा इथून गोराईपर्यंत जो तो होडीला मशीन बसवू लागला होता. शिडाकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. एक होडी लहान, एकट्या माणसाची. दुसरी दोघांची. एकानं मागे बसून सुकाणू धरायचं, दुसऱ्यानं पुढे शिडाची दोरी सांभाळायची. जयानं आल्या आल्या या दुसरीवर हात ठेवला होता आणि विचारत मात्र होती एकट्याचं.

तिची सासू मथुरा थोडी मागे बसली होती आणि दीर महादू शेजारीच उभा होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. पण बाई होडी घ्यायला निघाली म्हटल्यावर घरातला पुरुष सोबत हवा, असं त्याचं त्यानंच ठरवलं होतं. त्याचा मोठा भाऊ अनंत, म्हणजे जयाचा नवरा, समुद्रात गेला तो परत आलाच नाही. तेव्हापासून घरची मोठी होडी महादूकडे आणि जयाच्या डोक्यावर टोपली. महादू देईल ती मासळी घ्यायची, बाजारात बसायचं आणि वर त्याचे उपकार मानायचे. या सगळ्याचा तिला वीट आला होता. गळ्यातलं सोनं मोडून ती आज आली होती. खाडीच्या तोंडाशी आपलं जाळं टाकायचं, आपलं आपण आणायचं, एवढंच तिला हवं होतं.

एवढंच म्हणायला सोपं आहे. कोळीवाड्यात बाई मासळी विकते, भाव ठरवते, भांडायला उभी राहिली तर भल्याभल्यांना पळवते. नारळी पुनवेला होडीला ओवाळते तीच. पण मासेमारीच्या होडीत तिनं पाय ठेवायचा नाही. तिनं किनाऱ्यावर थांबायचं. हा नियम कुणी केला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे तो मोडायचा तर परवानगी कुणाकडे मागायची, हेही ठाऊक नव्हतं.

तुळशीदास म्हणाला, येतं की चालवता. दोरी मागे ओढून घ्यायची, सुकाणू काखेत दाबायचं. वारा फिरला की मात्र दोन हात कमी पडतात.

महादू हसला. दोघांची हवी तर त्याचा मेहुणा धोंडू आहे ना, तो चालवेल, वहिनीनं टोपली घेऊन रेतीवर थांबावं. आणि एकटीनं मरायचीच हौस असेल तर ती लहान होडी काय वाईट आहे? बोलणं बिनतोड होतं. गोळा झालेल्या बायकांनीही माना डोलावल्या.

 जयानं पदर खोचला, होडी पाण्यात लोटली आणि वर चढली.

 जयाचं माहेर मनोरीचं. तिचे वडील तिथल्या खाडीत तर चालवायचे. तर म्हणजे माणसं पार नेणारी होडी. तीत बायकांना मनाई नव्हती. लहानपणी सुकाणू जयाच्याच हातात असायचं, हे वेसाव्यात कुणाला माहीत असणार? शीड फुगलं. होडी तिरकी खाडीच्या मध्यापर्यंत गेली. वळताना ती एका अंगावर इतकी कलली की जयाला वाटलं, संपलं. तिनं दोरी सैल सोडली, सुकाणू पोटाशी ओढलं आणि होडी सावरली. परत आली तेव्हा ती नखशिखांत भिजली होती. ती घाबरली होती, आणि इतकी खूश ती कित्येक दिवसांत झाली नव्हती.

“हीच,” ती तुळशीदासला म्हणाली. खाली मात्र उतरली नाही.

महादूचं डोकं फिरलं. गावच्या पाटलाच्या कानावर घालीन म्हणाला. या गावातला एकही पुरुष तुझ्यासोबत होडीत बसणार नाही म्हणाला. आणि ते खरंच होतं. मग तो आईकडे वळला.

मथुरा आल्यापासून एका पालथ्या टोपलीवर गप्प बसली होती. समुद्रानं आधी तिचा नवरा नेला, मग थोरला मुलगा. तिच्यासमोर सुनेनं होडीचं नाव काढलंच कसं, याचंच लोकांना नवल वाटत होतं.

“आये, तू तरी सांग हिला,” महादू म्हणाला. “दोगांची होरी घेऊन ही एकटी काय करनार?”

म्हातारी गुडघ्यांवर हात टेकून उठली. लुगडं आवरत पाण्यात शिरली. आता ही सुनेला दंडाला धरून खाली ओढणार, असं सगळ्यांना वाटलं. जयानं वाकून हात पुढे केला. मथुरानं तो धरला आणि ती होडीत चढली. धडपडत पुढे गेली, दोरीवाल्याच्या जागेवर बसली आणि दोन्ही हातांनी काठ घट्ट पकडला.

“एकटी कशाला? दोगांची घे म्हनून मीच सांगलंय तिला,” ती म्हणाली. “पन माजा काय उपेग? मला ना सुकानू धरता येत, ना शीड. म्हनून एकटीला चालवता येल अशी बघितली तिनं.”

 जयानं दोरी ओढली. होडी किनाऱ्यापासून सुटली तसा महादू कमरेपर्यंत पाण्यात धावला.

“आये, परत कवा येशील?” त्यानं विचारलं.

मथुरानं मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

“जनमभर किनाऱ्यावर उभी राहून वाट बघितली मी,” ती म्हणाली. “आज तू बघ.”